नळीतले पाणी आणि पदाचे नाव

सत्तरी तालुक्यातील एका गावातून आलेले पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. लिहिणारी मुलगी यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली आहे. पत्र पाच पानांचे असल्याने त्यातील मुख्य भाग तेवढा येथे देतो.

“गेल्या आषाढात माझ्या आजीला न्यूमोनिया झाला. वाळपईहून तिला मोठ्या इस्पितळात हलवले आणि तिथे ती अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होती. भेटीच्या वेळेत मी आत असताना एकदा यंत्र जोरात वाजू लागले. निळ्या कपड्यांतील एक तरुण मुलगी आली. तिने आधी आजीच्या छातीकडे पाहिले, मग नळी उचलून तिच्यात साठलेले पाणी मधल्या एका डबीत सोडले आणि यंत्र गप्प झाले. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. आपण रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहोत असे तिने सांगितले. आजी बरी होऊन घरी आली. मला तेच काम करायचे आहे. नीटमध्ये एमबीबीएसला पुरतील एवढे गुण मला नाहीत. बाबा म्हणतात, नर्सिंग कर, निदान नोकरी लागेल. दुबईचा मामा म्हणतो, हे शिक आणि इकडे ये. आईला रात्रपाळीची काळजी वाटते. शिकवणीचे सर म्हणाले, शेवटी तू टेक्निशियनच होणार. गोव्यात या क्षेत्राला वाव आहे का? मी काय करावे?”

तुझ्या पत्रातील नळीतल्या पाण्याचे वाक्य मी दोनदा वाचले. मी भूलतज्ज्ञ, निवृत्तीपूर्वी तीस वर्षे शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभाग यांच्यामध्ये येरझाऱ्या घालण्यात गेली, आणि इतक्या वर्षांत रुग्णांच्या नातेवाइकांनी या गोष्टीकडे लक्ष दिल्याचे मला फारसे आठवत नाही. त्यांचे डोळे पडद्यावरच्या आकड्यांना चिकटलेले असतात. तुझे लक्ष मात्र त्या मुलीच्या हातांकडे गेले. तेव्हा पहिल्यांदा तिथे काय घडले ते सांगतो, कारण त्या अर्ध्या मिनिटात या व्यवसायाचा बराचसा गाभा आला आहे.

आपण नाकाने श्वास घेतो तेव्हा हवा आत जाता जाता गरम आणि दमट होते. घशातून श्वासनलिकेत नळी घातली की ती वाट बंद पडते आणि हवा थेट कोरडीच फुप्फुसात जाऊ लागते, म्हणून यंत्राला जोडलेल्या एका भांड्यात पाणी तापवून तिला ओलावा दिला जातो. ही दमट हवा वातानुकूलित खोलीतल्या थंड नळीतून वाहताना तिच्या आतल्या बाजूला थेंब धरतात, आणि नळी जिथे सर्वांत खाली झुकलेली असते तिथे पाणी साठते. प्रत्येक श्वासाबरोबर ते पाणी मागेपुढे हेलकावते. दाबात आणि प्रवाहात होणारा तो बदल यंत्राला रुग्णाने स्वतः घेऊ पाहिलेल्या श्वासासारखा वाटतो, आणि रुग्णाने मागितलेलाच नसलेला श्वास यंत्र त्याला देऊन टाकते. श्वासांची संख्या वाढते आणि घंटा वाजते. हे पाणी काढताना नळी रुग्णाच्या बाजूला उचलली तर त्यातले जंतू सरळ फुप्फुसात उतरू शकतात, म्हणून ते डबीच्याच दिशेने सोडायचे असते. त्याआधी तिने छातीकडे पाहिले, कारण यंत्र वाजण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांतील सर्वांत घातक कारणे रुग्णाच्या बाजूची असतात: नळी निसटलेली असते, चिकट स्रावाने तुंबलेली असते, किंवा एका बाजूचे फुप्फुस फुगेनासे झालेले असते. दोन्ही बाजू सारख्या उचलल्या जात आहेत हे दिसल्यावरच तिने नळीला हात लावला. हा क्रम तिच्या अंगात मुरलेला होता. तो मुरण्यासाठी चार वर्षे शिकावे लागते.

श्वसनोपचारतज्ज्ञ हा शब्द छापायला बरा दिसतो, पण इस्पितळात सगळे आरटी असेच म्हणतात, म्हणून मीही पुढे तेच म्हणतो. आरटीचे काम अतिदक्षता विभागापुरते नसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला नाकातून सौम्य दाबाने हवा देणे, अपघात विभागात नळी घालताना डॉक्टरांच्या शेजारी तयार उभे राहणे, मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन त्याचा एबीजी, म्हणजे रक्तातील वायूंचा, अहवाल वाचणे, दमेकऱ्याला पंप नीट ओढायला शिकवणे, झोपेत श्वास अडकणाऱ्यांची रात्रभर तपासणी करणे आणि फुप्फुसांची क्षमता मोजणे ही सारी त्यातच येतात. शेवटचे काम वरवर सोपे दिसते. पाहुण्यासारखा अवघडून बसलेला एखादा म्हातारा नाकाला चिमटा लावून नळी तोंडात धरतो आणि दोन सेकंद फुंकून थांबतो. त्याने निदान सहा सेकंद फुंकत राहावे म्हणून आरटी त्याच्यासमोर वाकून, जत्रेत दोरखेच चालू असल्यासारखी, ‘आनीक, आनीक, आनीक’ असा गजर करते. ज्याला ओरडायची लाज वाटते त्याने घेतलेल्या तपासण्या कामाच्या नसतात.

तू बारावीला जीवशास्त्रात चांगली आहेस आणि गणिताला घाबरतेस, असे पत्राच्या शेवटी लिहिले आहेस. या कामात गणित लागते, पण ते असे लागते. व्हेंटिलेटरने एका श्वासात किती हवा द्यायची हे रुग्णाच्या वजनावर ठरत नाही, उंचीवर ठरते, कारण माणूस लठ्ठ झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत. तुझी आजी 150 सेंटिमीटर उंच आहे असे धर. स्त्रियांसाठीच्या सूत्राप्रमाणे 152.4 पेक्षा जितके सेंटिमीटर कमी तितक्यांना 0.91 ने गुणून ते 45.5 मधून वजा करायचे. तिचे अपेक्षित वजन सुमारे 43 किलो येते. किलोमागे 6 मिलिलीटर धरले तर एका श्वासाला साधारण 260 मिलिलीटर हवा होते. काट्यावर ती 70 किलो भरते म्हणून कोणी 70 ने गुणले तर 420 होतील, आणि आधीच सुजलेल्या फुप्फुसांवर प्रत्येक श्वासाला तो जादा ताण पडेल. फुप्फुसे सर्वत्र सुजून कडक झालेल्या 861 रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किलोमागे 12 मिलिलीटर दिलेल्या गटात 39.8 टक्के रुग्ण दगावले, तर 6 मिलिलीटरच्या गटात 31 टक्के. हा फरक कोणत्याही नव्या औषधाने पडला नव्हता. कोणीतरी फीत घेऊन अंथरुणावरच्या माणसाची उंची मोजायची आणि यंत्रावर योग्य आकडा घालायचा, एवढ्यानेच तो पडला. फीत घेऊन जाणारे ते कोणीतरी म्हणजे आरटी. गणित यापलीकडे फारसे जात नाही. मात्र ते पहाटे चार वाजताही चुकता कामा नये.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. गोव्यात वाव आहे का, या प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. काम आहे का? भरपूर आहे. पद आहे का? थोडे आहे.

या क्षेत्रात काम आधी आले आणि पद मागाहून, असेच जगभर घडले आहे. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या मुलांना पुरतील इतकी यंत्रे ब्लेगडॅम इस्पितळात नव्हती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून त्यातून नळी घालण्याचा आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा देत राहण्याचा मार्ग सुचवला, आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे त्या पिशव्या दाबत बसले. अतिदक्षता विभाग ही कल्पना तिथून रुजली असे मानतात. त्या विद्यार्थ्यांना त्या कामाचे कोणतेही पदनाम नव्हते. अमेरिकेत ऑक्सिजनची नळकांडी ढकलत नेणाऱ्या कामगारांपासून सुरुवात होऊन 1947 मध्ये शिकागोत त्यांची संघटना उभी राहिली, आणि पुढे परीक्षा, परवाना, पदवी हे सगळे क्रमाने आले. आपल्याकडे संसदेने 2021 साली राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत श्वसन तंत्रज्ञाचा व्यवसाय समाविष्ट आहे, आणि राज्यांनी परिषदा स्थापून नोंदवही ठेवावी अशी तरतूद त्यात आहे. त्याआधी या पदवीला देशपातळीवर कायद्याचा असा आधार नव्हता. म्हणजे तू ज्या घरात शिरू पाहतेस त्याचा पाया नुकताच भरला आहे आणि भिंती अजून ओल्या आहेत.

गोव्यात हेच चित्र अधिक ठळक दिसते, कारण राज्य लहान आहे. बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा इस्पितळे आणि पणजी-मडगावच्या आसपासची मोठी खासगी इस्पितळे इतकेच मुख्य जाळे. व्हेंटिलेटर जिथे आहे तिथे श्वसनोपचाराचे काम रोज होतच असते. पण ते कुठे परिचारिका करतात, कुठे निवासी डॉक्टर, कुठे भूल विभागाचा तंत्रज्ञ, आणि काही ठिकाणीच आरटी या नावाने नेमलेला माणूस. मे 2021 मध्ये ऑक्सिजनच्या पुरवठ्याचा प्रश्न थेट मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला होता, हे तुझ्या घरातही सर्वांना आठवत असेल. त्या काळात टाक्या आल्या, यंत्रे आली. ती जाणणारी माणसे मात्र त्या प्रमाणात आली नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून जाहिराती वाचताना केवळ ‘रेस्पिरेटरी थेरपिस्ट’ हा शब्द शोधू नकोस. अतिदक्षता तंत्रज्ञ, व्हेंटिलेटर तंत्रज्ञ, पल्मनरी फंक्शन तंत्रज्ञ अशा नावांखालीही हेच काम दडलेले असते, आणि पात्रतेच्या रकान्यात तुझी पदवी आहे की नाही एवढे पाहायचे असते. पदवी झाल्या झाल्या गोव्यातच, सरकारी, कायम आणि नेमक्या या नावाची नोकरी हवी असेल, तर तेवढ्यावर चार वर्षे आणि घरचे पैसे लावावेत असे मी म्हणणार नाही. पहिली चार-पाच वर्षे पुणे, मुंबई, बेंगळुरू किंवा आखातात काढायची तयारी असेल तर बेलाशक जावे.

इथेच तुझ्या बाबांचे म्हणणे नीट ऐकायला हवे. गोव्यात नर्सिंगची पदे कितीतरी जास्त आहेत, शिक्षण बांबोळीत घरापासून दीड-दोन तासांवर मिळते, आणि अतिदक्षता विभागात काही वर्षे काढलेली परिचारिका व्हेंटिलेटर उत्तम सांभाळते. मला या यंत्रातल्या कितीतरी खुब्या डॉक्टरांनी नव्हे तर अशाच एका वडीलधाऱ्या सिस्टरनी शिकवल्या. घरची गरज चार वर्षांत हमखास पगार सुरू होण्याची असेल, कुळागराचे उत्पन्न पोफळीच्या भावाबरोबर वरखाली होत असेल आणि धाकट्या भावाचे शिक्षण बाकी असेल, तर नर्सिंग हा शहाणपणाचा निर्णय ठरेल. मात्र नर्सिंगमध्ये रुग्णाचे सगळेच पाहावे लागते, त्याचे खाणे, औषधे, जखमा, अंघोळ, नातेवाईक. आरटीला एकाच गोष्टीत खोल उतरता येते. तुला कोणते आवडेल हे पत्रावरून मला सांगता येणार नाही, पण नर्सिंग हे ‘हे नाही जमले म्हणून ते’ अशा भावनेने घेऊ नकोस. असे आलेले लोक वॉर्डात लगेच ओळखू येतात, आणि त्याचा त्रास रुग्णाला होतो.

‘शेवटी टेक्निशियनच’ या शेऱ्याबद्दल माझ्याच एका चुकीची हकीकत सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, एका इस्पितळात, रात्री दोनच्या सुमारास एका तरुण रुग्णाचा ऑक्सिजन 97 वरून 86 वर उतरला. मी ऑक्सिजन वाढवला, श्वासांची संख्या बदलली, पुन्हा बदलली. वीस मिनिटे यंत्राच्या खटक्यांशी झुंजत होतो. विभागात एक तंत्रज्ञ होता, वयाने माझ्याहून मोठा, फारसा न बोलणारा. नळी ओठापाशी किती सेंटिमीटरच्या खुणेवर आहे हे तो प्रत्येक पाळीला वहीत लिहून ठेवी. आम्ही नवे डॉक्टर त्या वहीला हसत असू. त्याने वही उघडून माझ्यापुढे धरली. संध्याकाळी खूण 22 वर होती आणि आता 26 वर. कूस बदलताना नळी चार सेंटिमीटर आत सरकून उजव्या फुप्फुसाच्या शाखेत गेली होती आणि डाव्या बाजूला हवाच जात नव्हती. छातीकडे एकदा नीट पाहिले असते तर मलाही दिसले असते. नळी मागे ओढून पुन्हा बांधली आणि पाच मिनिटांत आकडा वर आला. त्या रात्री पदवी माझ्याकडे होती, अधिकारही माझ्याकडे होता. सरांना ही गोष्ट सांगायची की नाही ते तू ठरव.

तरीही त्यांच्या शेऱ्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. उपचाराचा शेवटचा निर्णय डॉक्टरचा असतो. आज नळी काढता येईल असे तुला दिसेल, तू रुग्णाला अर्धा तास त्याच्या स्वतःच्या श्वासावर ठेवून पाहिलेले असेल, सगळे ठीक असेल, आणि तरी डॉक्टर म्हणतील की उद्या पाहू. कधी ते बरोबर असतील, कधी तू. वेळेवर, मोजक्या शब्दांत, आकड्यांसह आपले म्हणणे मांडणे आणि ते न मानले गेले तरी त्याच रुग्णाची त्याच काळजीने देखभाल करणे, हे ज्याला जमत नाही तो या व्यवसायात दोन वर्षांत कडवट होतो. एमबीबीएस हुकल्याची रुखरुख मनात असेल तर ती आधी निस्तर. दरवर्षी नीट देत राहू आणि तोवर हे करू, असा बेत असेल तर करू नकोस. अर्धे मन कुठेच पुरत नाही.

शिक्षणाची वाट अशी आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन बारावी झाल्यावर बीएस्सी पदवी मिळते. तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप. तुला सर्वांत सोयीचे ठिकाण मणिपाल, कारण थिवी किंवा मडगावहून कोकण रेल्वेने उडुपीला उतरले की मणिपाल हाकेच्या अंतरावर आहे आणि गोव्याची मुले तिथे पूर्वीपासून आहेत. कर्नाटकात राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत हाच अभ्यासक्रम रेस्पिरेटरी केअर टेक्नॉलॉजी या नावाने चालतो. वेल्लोरचे सीएमसी आणि कोचीचे अमृता यांचे नावही चांगले आहे. प्रवेश कुठे बारावीच्या गुणांवर तर कुठे संस्थेच्या परीक्षेवर होतो. ज्या वर्षी अर्ज करशील त्या वर्षाचे माहितीपत्रक वाचूनच पुढे जा, मागच्या वर्षीच्या मैत्रिणीच्या सांगण्यावर विसंबू नकोस.

महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नकोस. त्याच्या इस्पितळात अतिदक्षतेच्या खाटा किती आहेत आणि त्यांतल्या कितीवर रोज रुग्ण असतो ते विचार. शिकवणारे स्वतः आरटी आहेत की इतर विभागांतून तासापुरते आलेले, हे विचार. नवजात बालकांच्या विभागात विद्यार्थ्यांना किती आठवडे मिळतात, आणि रात्रपाळीत विद्यार्थ्याबरोबर वरिष्ठ कोण असते? मागच्या तुकडीतली मुले आज कुठे नोकरीला आहेत, हा प्रश्न कार्यालयात विचारण्यापेक्षा वसतिगृहाच्या खाणावळीत विचारलेला बरा. तिथे खरे उत्तर मिळते. सहा महिन्यांत किंवा घरबसल्या ‘व्हेंटिलेटर टेक्निशियन’ करून देणाऱ्या जाहिरातींना मात्र हात लावू नकोस. 2021 च्या कायद्यात या वर्गातील व्यवसायांसाठी दोन ते चार वर्षांत पसरलेले किमान 2,000 तासांचे शिक्षण अपेक्षिले आहे, आणि खाटेजवळ उभे न राहता हे काम येत नाही, हे तुला कायद्याने सांगावे लागू नये.

खर्चाचा प्रश्न मोठा आहे, कारण अभिमत विद्यापीठांचे शुल्क जास्त असते आणि वसतिगृहाचे निराळे. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. तिच्या अटी आणि तुझा अभ्यासक्रम जुळतो का याची चौकशी प्रवेशाचे पैसे भरण्याआधी करावी, नंतर नव्हे. दुसरे असे की, खासगी इस्पितळांत सुरुवातीचा पगार बेताचा असतो. बाहेरगावी खोली घेऊन राहिल्यास पहिली एक-दोन वर्षे घरी पैसे पाठवण्याइतके शिल्लक राहणार नाही, असे धरूनच हिशेब करा.

मामाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. आखाती देशांत आरटी हे मान्यताप्राप्त, वेगळे पद आहे आणि भारतीय पदवीधर तिथे काम करतात. पण पदवी घेतली की विमानात बसले, असे होत नाही. साधारणपणे पदवीनंतरचा प्रत्यक्ष अनुभव मागितला जातो, प्रमाणपत्रांची मूळ संस्थेकडून पडताळणी होते आणि त्या देशाच्या आरोग्य खात्याची परीक्षा द्यावी लागते. त्यामुळे पहिली नोकरी कुठे करतेस याला महत्त्व येते. दोनच व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी काढलेली दोन वर्षे मुलाखतीत उघडी पडतात. अमेरिका आणि कॅनडा यांची गोष्ट वेगळी, कारण तिथला परवाना प्रामुख्याने तिथल्याच मान्यताप्राप्त शिक्षणाशी बांधलेला आहे. आणि पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंड गाठायचा विचार तुझ्या वाड्यावरही कोणी बोलून दाखवील, म्हणून सांगतो: ब्रिटनमध्ये आरटी असा स्वतंत्र व्यवसायच नाही. तिथे हे काम परिचारिका, छातीचे फिजिओथेरपिस्ट आणि फिजिऑलॉजिस्ट यांच्यात वाटलेले आहे. शिवाय ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून त्या पासपोर्टवर नव्याने जाऊन राहण्याची पूर्वीची मोकळीकही उरलेली नाही.

आईची काळजी रात्रपाळीची आहे. रात्रपाळी असणारच, महिन्यात अनेक, आणि चवथीच्या दिवसांतही. घरी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली जात असताना तू कदाचित एखाद्या परक्या शहरात कोणाच्या तरी नळीतला स्राव खेचून काढत असशील. बरीचशी इस्पितळे ने-आण किंवा जवळची निवास व्यवस्था देतात. नोकरी घेताना हे लेखी विचारावे. त्याहून मोठी काळजी मला दुसरी वाटते आणि ती आईने विचारलेली नाही. तुझी आजी घरी आली. सगळ्यांच्या आज्या घरी येत नाहीत. रुग्ण गेल्यावर यंत्र बंद करणारा हात पुष्कळदा आरटीचा असतो. नातेवाईक पडद्यापलीकडे रडत असताना नळ्या सोडवून धुवायला पाठवायच्या, नवा संच जोडायचा, यंत्राची गळती तपासायची, आणि तासाभरात त्याच खाटेवर आलेल्या पुढच्या रुग्णाची उंची मोजायची. पहिल्या काही वेळा जेवण जात नाही. नंतर जाते, आणि जाते याचेच वाईट वाटते. क्षयरोग्यांच्या इतक्या जवळ काम असते की मुखपट्टी नीट बसवण्यात आळस चालत नाही, हेही आईला सांगून ठेव. लपवून प्रवेश घेऊ नकोस.

म्हणून अर्ज भरण्याआधी एक गोष्ट कर. ज्या इस्पितळात आजी होती तिथे परवानगी मागून त्या निळ्या कपड्यांतल्या मुलीला भेट. आभार मानायला आले आहे असे सांगितलेस तर कोणी नाही म्हणणार नाही, आणि ते खरेही आहे. पाळी संपल्यावर तिला चहा पाज आणि आकड्यांत बोलायला लाव: एका पाळीत किती रुग्ण पाहतेस, महिन्याला किती रात्री, हातात किती पगार, नेमणूकपत्रावर पदाचे नाव काय लिहिले आहे. या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातून गोव्यातल्या वावाबद्दल माझ्या या लांबलचक पत्रापेक्षा जास्त कळेल. त्यानंतरही तेच काम करावेसे वाटले तर मणिपालचा अर्ज भर, आणि बाबांशी बोलताना नर्सिंगचा अर्जही भरून ठेव; दोन्हीकडून उत्तर येईपर्यंत त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही.

राज्य सरकारच्या नोकरीसाठी पुढे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान लागते. कोकणी तुला येतेच. दाखला परराज्यात शिकायला जाण्याआधीच वाळपईच्या मामलेदार कचेरीतून काढून ठेव. चार वर्षे बाहेर राहून आल्यावर तोच कागद मिळवताना नसते प्रश्न विचारले जातात.